बायकोच्या वेबसाइटची बांधाबांध

बांधाबांध या विषयात मला कोणी शिकवायला येऊ नये, असं माझं गेल्या मंगळवारपर्यंत प्रामाणिक मत होतं. सत्तावीस वर्षं मी ऑफिसच्या आवक-जावक विभागात काढली आहेत. त्यातली शेवटची अकरा विभागप्रमुख म्हणून. आता त्या विभागात माझ्याशिवाय एकच शिपाई आहे आणि तोही दुपारनंतर दुसऱ्या खात्यात जातो, ही गोष्ट निराळी. पण माझ्या हातून गेलेलं एकही पाकीट आजवर परत आलेलं नाही. आत काय आहे ते बाहेर स्वच्छ लिहावं, सगळ्यात वर सामानाची यादी ठेवावी आणि प्रत एकच असावी. दोन प्रती म्हणजे दोन भानगडी, हे मी नव्या साहेबांनाही तोंडावर सांगितलं आहे.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, माझी वेबसाइट बांधून दुसरीकडे हलवायची आहे," तेव्हा मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "एवढंच ना?"

या "एवढंच ना"ने आमच्या घराचं आजवर जितकं नुकसान केलंय, तितकं उंदरांनीही केलेलं नाही. भिंतीतला नळ बदलताना मी हेच म्हणालो होतो. पण ती गोष्ट इथे नको.

हिची वेबसाइट म्हणजे हिचं दुकान. ही कव्हरं शिवते. फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं, व्हायोलिनचं, पोपटाच्या पिंजऱ्याचं, सांगाल त्याचं. एका गृहस्थांनी तर शिडीचं कव्हर शिवून घेतलं होतं. लोक साइटवर येतात, माप लिहितात, कापड निवडतात, आणि ही मागच्या खोलीत मशीनवर बसते. आठ वर्षं झाली. एकोणीसशे बारा गिऱ्हाइकं आणि प्रत्येकाचं माप त्या वेबसाइटच्या पोटात. "गिऱ्हाईक माप एकदाच देतं," ही म्हणते. "दुसऱ्यांदा मागितलं की दुसरं दुकान शोधतं." तिचा सगळा धंदा या मापांवर उभा आहे, हे घरात कुणालाही सांगावं लागत नाही. पूर्वी ही मापं एका जाड वहीतही होती. ती वही तीन वर्षांपूर्वी रद्दीत गेली. कुणाच्या सल्ल्याने ते विचारू नका. प्रत एकच असावी.

वेबसाइट हवेत तरंगते असा माझा समज होता. तसं नसतं. ती कुठल्यातरी कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, ज्याला सर्व्हर म्हणतात, भाड्याने राहते. आणि हिच्या घरमालकाने, म्हणजे त्या कंपनीने, नोटीस धाडली होती: शुक्रवारी संध्याकाळी सहाला आमचा हा सर्व्हर कायमचा बंद, त्याआधी आपलं सामान हलवा. ज्या माणसाने वेबसाइट बनवली होती त्याने तो धंदा सोडून मधमाश्या पाळल्या आहेत. फोन लावला की नुसती गुणगुण ऐकू येते आणि तो "नंतर, नंतर" म्हणत पळतो. हिने नवी कंपनी ठरवली होती, त्यांचा एक तंत्रज्ञही मदतीला दिला होता. फक्त जुन्या जागेतून गाठोडं बांधायचं काम आमच्याकडे होतं.

"मी बुधवारी निवांत करते," ही म्हणाली. "मंगळवारी मला संगीत विद्यालयात मापं घ्यायला जायचंय. तुम्ही हात लावू नका."

आता मला सांगा, सत्तावीस वर्षं जावक सांभाळलेल्या माणसाला "हात लावू नका"? मी मंगळवारपासून रजा टाकली.

ही जिना उतरते न उतरते तोच समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. तिथे राहणाऱ्या गृहस्थांना आम्ही खाजगीत "अनुभवी" म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "अनुभवाने सांगतो" असं सुरू होतं. त्यांनी आयुष्यात चौदा घरं बदलली आहेत. त्यातली किती स्वतःहून आणि किती शेजाऱ्यांच्या आग्रहावरून, ते मला ठाऊक नाही. माझ्या हातात कॉम्प्युटरची वायर बघून ते चपला घालूनच आत आले.

"हलवताय? अनुभवाने सांगतो, जुन्या जागेत एक खिळासुद्धा ठेवायचा नाही. मागे काही राहिलं की भांडणं होतात."

"हे वेबसाइटचं आहे," मी म्हणालो.

"घर ते घर," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

जुन्या कंपनीच्या पानावर "संपूर्ण पॅक करा" असं एक निळं बटण होतं. ते दाबलं. चाळीस मिनिटं एक पट्टी सरकत होती, आम्ही दोघं दूध उतू जाईल या भीतीने बघावं तसे तिच्याकडे बघत होतो. शेवटी एक फाइल तयार झाली. नाव बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नुसते आकडे आणि अक्षरं! आत काय, कुणाचं, कुठे जायचं, काही नाही. असं पाकीट माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत केलं असतं. मी तिथल्या तिथे तिचं नाव बदललं: "संपूर्ण दुकान, सर्व ग्राहक, सर्व मापे". आणि नव्या लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून ग्राहकांची यादी वेगळी काढून गाठोड्यात सगळ्यात वर ठेवली. यादी मी उघडून वाचली नाही. दुसऱ्याची पत्रं वाचणं जावकच्या माणसाला शोभत नाही.

मग नव्या कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन केला. आवाजावरून सभ्य वाटला. "सर, फाइल मोठी आहे. अशा ठिकाणी ठेवा की मला लिंकवरून ओढून घेता येईल. लिंक मेल करा, उद्या सकाळी मी घेतो."

मी ती वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवली. लिंक मेलही केली. पण मेलवर माझा विश्वास नाही. मेल आला नाही म्हणणारे मी खूप पाहिलेत. तेव्हा दुसरी सोय म्हणून वेबसाइटचं पहिलं पान काढून तिथे मी माझ्या शब्दांत सूचना लावली: "आमचे दुकान नव्या जागी हलत आहे. संपूर्ण सामान बांधून तयार आहे. येथे टिचकी मारून घेऊन जावे. कळावे." सूचना चार वेळा वाचली. एक शब्द कमी-जास्त नव्हता. अनुभवी म्हणाले, "भाषा उत्तम आहे."

त्यानंतर जुनी जागा साफ केली. पानं, फोटो, मापांचा साठा, एकेक करून सगळं पुसलं. मागे राहिलं फक्त गाठोडं आणि सूचना. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारायचा, "तुमची खात्री आहे?" आधी एकदा, मग पुन्हा, मग लाल अक्षरांत. मला सत्तावीस वर्षांत कुणी तीनदा विचारलेलं नाही. मी जरा घुश्श्यातच "हो" दाबलं.

संध्याकाळी ही दमून आली. "काय करत होता दिवसभर?"

"झालं तुझं काम," मी म्हणालो. "बांधून, वर लिहून, ठेवलंय. सकाळी घेऊन जातील."

ती दोन क्षण दारातच उभी राहिली. पण मग तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, एक ओझं उतरलं." खरं सांगतो, मला त्या रात्री फार छान झोप लागली.

बुधवारी सकाळी नऊला बघितलं तर फाइल तीन वेळा उतरवली गेल्याची नोंद होती. साडेनऊला एकवीस. दहाला चौसष्ट. मी अनुभवींना बोलावून दाखवलं.

"मोठी कंपनी आहे," ते म्हणाले. "माणसं लावली असतील. अनुभवाने सांगतो, टेम्पोवाले कधी एका खेपेत नेत नाहीत."

मला ते पटलं. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा पटलं.

सव्वादहाला तंत्रज्ञाचा फोन. "सर, फाइल त्रेसष्ट टक्के आली आणि थांबली. तुमचं खातंच बंद झालंय. महिन्याला जेवढी ये-जा चालते तेवढी सकाळीच संपली म्हणतायत. एवढी गर्दी कशी झाली?"

"तुमचीच माणसं होती ना?"

"सर, मी एकटाच आहे."

मी चौसष्टचा आकडा पुन्हा एकदा बघितला.

"काही हरकत नाही," तो धीर देत म्हणाला. "मूळ वेबसाइट तर आहेच. खातं उघडलं की पुन्हा पॅक करू."

मी कॉम्प्युटरच्या वायरशी चाळा करू लागलो.

"सर?"

"ती मी पुसली."

"बरं. मग तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी असेल ना?"

"प्रत एकच असावी, असं..." मी वाक्य पुरं केलं नाही.

मग तो हळूच म्हणाला, "सर, मी जरा पाणी पिऊन येतो." ज्याचा हा रोजचा धंदा, त्यालाच पाणी प्यावंसं वाटलं, तिथे माझी काय अवस्था झाली असेल! मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो.

जुन्या कंपनीला फोन केला. बारा मिनिटं संगीत ऐकवून एक बाई म्हणाल्या, "खातं पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करा. कामाचे तीन दिवस लागतात."

"अहो, तुम्ही शुक्रवारी बंद होताय!"

"हो सर. म्हणून अर्ज लवकर करा. अर्ज तुमच्या खात्यात लॉगिन करून भरायचा आहे."

"खातं बंद आहे."

"हो सर, त्यासाठीच अर्ज आहे."

मी स्वतः सरकारी नमुन्यातली पत्रं लिहिण्यात हयात घालवली. पण इतकं निर्दोष उत्तर मला कधी सुचलं नव्हतं.

हे सगळं बायकोला कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ही मशीनवर होती. फोन टेबलावर ठेवलेला, त्यातून एका गिऱ्हाइकाचा आवाज अखंड येत होता आणि ही अधूनमधून "हं, हं" करत शिवत होती.

"...तर ताई, मला एवढंच विचारायचंय," आवाज म्हणाला, "माझ्या नावापुढे तुम्ही 'बोलू लागले की फोन टेबलावर ठेवून शिवत राहणे' असं का लिहिलंय?"

मशीन थांबलं.

"तुम्हाला... हे कुठे दिसलं?" हिने विचारलं.

"तुमच्या साइटवर. सामान बांधून तयार आहे, घेऊन जावे, असं लिहिलंय. मला वाटलं काही योजना आहे. घेतलं. वर यादीच आहे सगळ्यांची, शेऱ्यासकट!"

शेरा! त्या यादीत नाव, पत्ता, माप, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आठ वर्षं ही बाई एकेका गिऱ्हाइकाचा स्वभाव त्या रकान्यात लिहीत होती, फक्त स्वतःसाठी. आणि मी तो कागद सगळ्यात वर ठेवून, बाहेर पाटी लावून, जगाला घेऊन जा म्हटलं होतं.

"दादा, चुकलं माझं," ही फोनवर म्हणाली. "पण ती फाइल जपून ठेवा हं, मला हवी आहे."

"ती मी रागाने पुसली," तो म्हणाला आणि त्यानेच फोन ठेवला.

ती माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं. सूचनेतली भाषा चांगली होती हेही सांगितलं, का ते देव जाणे. मला वाटलं होतं आता आकाश कोसळेल. तिने फक्त गळ्यातली टेप काढली, तिची नीट गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "एकोणीसशे माणसं. हलवायच्या आत सगळं गेलं."

ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. हे मात्र मला सहन झालं नाही. मला त्या क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसलो.

दुपारभर फोन. जो तो आपला शेरा वाचून दाखवत होता. "'होय म्हणतील, घेणार नाहीत' म्हणजे काय?" "'पडद्याचं कापड सोफ्याला मागतात, हसू नये' हे मला उद्देशून आहे?" ही प्रत्येकाची माफी मागत होती आणि शेवटी तोच प्रश्न विचारत होती, ती फाइल आहे का. कुणी मोबाइलवर नुसती यादी पाहिली होती, कुणी पुसली होती, कुणी "आता कोर्टातच दाखवू" म्हणालं. आपण होऊन कुणाला फोन करावा तर नंबर गाठोड्यात. गंमत बघा, चौसष्ट घरांत आमचं दुकान गेलं होतं आणि आमच्याच घरात नव्हतं! अनुभवी संध्याकाळी येऊन म्हणाले, "अनुभवाने सांगतो, दोन प्रती ठेवायला हव्या होत्या." मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली.

गुरुवारी अकराला बेल वाजली. दारात एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, काखेत लॅपटॉप. हिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सतरा कव्हरं शिवून घेतलेली. त्या सोफ्यावर ताठ बसल्या, लॅपटॉप उघडला आणि चष्मा लावला.

"वाचते," त्या म्हणाल्या. "'मापं स्वतः घेतात, चुकीची घेतात, मान्य करत नाहीत. दोन इंच वाढवून शिवणे. सांगू नये.'"

आम्ही दोघं उभे. वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"आठ वर्षं मी सगळ्या बिल्डिंगला सांगते आहे की माझं माप म्हणजे माप. शिंपीणबाईंना कधी एक टाका उसवावा लागला नाही. शेजारणींची मापंसुद्धा मीच घेऊन देते!"

"बाई," ही हळूच म्हणाली, "कव्हर बसलं ना दर वेळी?"

"बसलं. तेच तर दुःख आहे." त्यांचा आवाज कापत होता. मला एकदम वाटलं, या खरोखर दुखावल्या आहेत. माझ्या त्या सूचनेने एका ताठ बाईंचा आठ वर्षांचा अभिमान काढून घेतला होता.

"बाई," ही म्हणाली, "मी लिहिलं ते खरं आहे. पण ते तुम्ही वाचायचं नव्हतं. माझी चूक आहे. तुम्ही पुन्हा माझ्याकडे येऊ नका, मला चालेल. पण तुमच्याकडे ते गाठोडं पुरं असेल तर मला द्या. मापं गेली तर माझं दुकान संपलं."

"देणार नाही," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, हे चव्हाट्यावर आणलं कुणी?"

हिने गळ्यातली टेप सरळ केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी घसा खाकरला आणि एक पाऊल पुढे आलो.

"मी."

"तुम्ही कोण?"

"यजमान. आवक-जावक विभागप्रमुख."

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग लॅपटॉपवर बोट फिरवू लागल्या. "तुमचंही नाव असेल की यात."

"मी काही गिऱ्हाईक नाही," मी म्हणालो.

"आहात. क्रमांक एक. वस्तू: छत्रीचं कव्हर."

खरंच! दुकान सुरू केलं तेव्हा चाचणी म्हणून हिने माझ्या छत्रीचं कव्हर शिवलं होतं. मी साफ विसरलो होतो. मी हिच्याकडे बघितलं. ही खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द सुटा करत वाचलं, "शेरा. 'पैसे घेऊ नयेत. मदत करू देऊ नये.'"

आठ वर्षं! वेबसाइट जन्माला आली त्या दिवशी, पहिल्या गिऱ्हाइकापुढे, हिने हे लिहून ठेवलं होतं. आणि मी मात्र "एवढंच ना" म्हणत हिंडत होतो.

बाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. चष्मा काढून, डोळे पुसून, पुन्हा वाचून हसल्या. "अगं, मग माझ्याबद्दल फारच सांभाळून लिहिलं आहेस गं तू!" आणि त्यांनी लॅपटॉप हिच्याकडे सरकवला. "घे. सगळं आहे. पुरतं उतरलंय. मी काही अर्धवट घेत नाही."

अर्ध्या तासात हिने स्वतः ती फाइल नव्या कंपनीला पोचवली. मला खोलीत बसायची परवानगी होती, फक्त हात मागे बांधून. बाई निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी माप घ्यायला तूच ये. पण शेजारणींना सांगू नकोस." संध्याकाळी चारला तंत्रज्ञाने फोन केला. दुकान उभं होतं. फ्रिज, पिंजरे, शिडी, एकोणीसशे बारा मापं, इंचाइंचाने जागेवर. ही फोन कानाला लावून मटकन खाली बसली आणि मग रडली. मीही जरा डोळे पुसले, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

अकरा गिऱ्हाइकं कायमची गेली. ती माझ्या खात्यावर. शेरे वाचलेल्या बाकीच्यांना हिने एकेकाला फोन करून पुन्हा माफी मागितली, आणि शुक्रवारी दिवसभर बसून यादीतले सगळे शेरे पुसले. "आता डोक्यातच ठेवीन," म्हणाली.

शनिवारी ही कापड आणायला गेली असताना मी नवी वेबसाइट उघडली. फक्त बघायला. शपथेवर सांगतो, कशालाही हात लावला नाही. यादी उघडली. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत मोकळा होता. फक्त क्रमांक एकपुढे जुनं वाक्य तसंच होतं, आणि त्याच्या खाली शुक्रवारच्या तारखेने नवी ओळ:

"तरी करणारच. तेव्हा शेजारी बसून राहणे."

मी ते दोनदा वाचलं, आणि काहीही न पुसता खुर्चीवरून उठलो.